डावीकडे चढणारे वळसे

श्रूजबरी, १२ ऑगस्ट

यामिनी,

जय भीम. 'सप्रेम' मुद्दामच लिहिलेलं नाही.

हे पत्र माझ्या हातचं असलं तरी निरोप विहार समितीचा आहे. न्यू मेक्सिकोतल्या तुझ्या त्या मातीच्या गावात फोनला रेंज नसते, आणि जिथे असते तिथे तू मला ब्लॉक केलेलं आहेस. मोहनकाका म्हणाले, "नीला, तुमची कॉलेजपासूनची फ्रेंडशिप आहे, तूच लिही. हाताने लिहिलेलं पत्र कुणी इग्नोर करत नाही." आपल्यात काय झालं ते त्यांना ठाऊक नाही. मीही सांगत बसले नाही. बहात्तरीच्या माणसाला, ज्याने अख्खं निवृत्त आयुष्य या समितीला वाहिलंय, त्याला आपली भांडणं ऐकवून काय मिळणार?

तर कामाचं. इथून थोडं पुढे एका गावात विटांचं एक जुनं प्रार्थनाघर रिकामं पडलं होतं. पावणेदोनशे वर्षांचं असेल. ते आपल्या लोकांनी घेतलं आणि त्याचं बुद्धविहार करायचं ठरवलं. बांधणाऱ्यांनी आत घोड्याचे केस घातलेला चुन्याचा गिलावा केला होता. मधल्या काळात कुण्या शहाण्याने त्यावर सिमेंट थापलं. ओल आत कोंडली आणि विटांचा भुगा व्हायला लागला. हे सगळं तुला समजावून सांगायची गरज नाही, पण समितीला सांगताना माझा घसा बसला. अख्खा उन्हाळा मी परांचीवर चढून ते सिमेंट काढते आहे. रवी म्हणतो, घरातल्या उशांनासुद्धा आता चुन्याचा वास येतो.

चार भिंती आहेत. तीन मी करते आहे. चौथी, म्हणजे मूर्तीमागची, सगळ्यांची नजर जिथे जाणार ती, तू करावीस असं समितीचं मत आहे. तुझा तो मातीच्या चर्चचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आहे. "यामिनीताईंचा हात लागला तर विहाराचं नाव होईल," असं मीटिंगमध्ये ठरलं, तेव्हा मी तिथेच बसले होते. माझ्या केसांत चुना होता. कुणाला त्या ठरावात काही वावगं वाटलं नाही.

मला वाटलं. आता लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. आपण दोघींनी वूस्टरला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं ऑफिस काढलं, कामं दोघींनी केली, आणि त्या मासिकात फोटो एकटीचा आला. तू हाताची घडी घालून उभी आणि मागे भिंत. ती भिंत माझी होती. मी डावखुरी, माझ्या थापीचे वळसे डावीकडे चढतात, तुझे उजवीकडे. तिरप्या उजेडात कुणालाही दिसावं इतकं ते स्पष्ट आहे. मासिकवाल्यांना काय कळणार, पण तुला कळत होतं आणि तू गप्प बसलीस. त्या फोटोवर तुला न्यू मेक्सिकोचं काम मिळालं. मग तुझ्या व्हिडिओखाली 'या बाईंना थापी धरायला मी शिकवलं' असं मी लिहिलं तर नाकाला एवढ्या मिरच्या झोंबायचं कारण नव्हतं. मी शिकवलंच होतं.

असो. भिंत बुद्धपौर्णिमेला तयार हवी, म्हणजे गिलावा थंडीआधी व्हायला हवा. हीटिंग डिसेंबरशिवाय बसणार नाही आणि खिडक्या दुरुस्तीला गेल्या आहेत, त्यामुळे आतबाहेर सारखीच थंडी असेल. यायचं तर सप्टेंबरात ये.

नाही आलीस तरी चालेल. हे वाक्य समितीचं नाही.

नीला


श्रूजबरी, १९ ऑक्टोबर

यामिनी,

जय भीम. तुला सप्टेंबर सांगितला होता, तू ऑक्टोबरात आलीस. त्यावर आमच्या घरात एक अक्षर कुणी काढलं नाही.

तुझ्या पाहुणचारात काही कमी राहिली नसावी. रवीने तुझ्यासाठी सकाळी उठून पोहे केले. या माणसाने लग्नानंतर मला कधी पाणीसुद्धा उकळून दिलेलं नाही. स्वानंदीला माझ्यासोबत साइटवर यायचं म्हटलं की होमवर्क आठवतो. तुझ्यामागे मात्र दिवसभर बादल्या घेऊन फिरत होती. तू गेल्यावर मला म्हणते, "मॉम, मावशी मेक्स इट लुक लाइक डान्सिंग." मी म्हटलं, "आणि मी?" ती म्हणाली, "यू मेक इट लुक लाइक वर्क." पोरगी चौदा वर्षांची आहे, तिला काय बोलणार.

तो गुळाचा दिवस मी विसरणार नाही. तू डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारातून कुणाच्या तरी हाती हिरडा मागवलास, इंडियन स्टोअरमधल्या गुळाच्या ढेपा फोडल्यास आणि त्यांचं पाणी त्या मोठ्या पिंपातल्या चुन्यात ओतलंस. प्रत्येकाने एकदा काठी फिरवायची. म्हाताऱ्या बायका, नवे आलेले विद्यार्थी, लहान मुलं, सगळी रांगेत उभी. कमलामावशी तर रडल्या. त्यांचे वडील नागपूरला गवंडी होते, ते असंच करायचे म्हणाल्या. सगळेजण फोटो काढत होते आणि मी कोपऱ्यात चाळणीने वाळू चाळत होते.

मी तुला तिथेच सांगितलं होतं, सगळ्यांसमोर. "यामिनी, गुळाने चुना मंदावतो. नागपूरच्या उन्हात ते खपून जातं. इथे तो आत ओलाच राहील आणि थंडी त्याला गाठेल." तू हसलीस. म्हणालीस, "नीला, अगं आपल्या लोकांच्या हातचं काहीतरी या भिंतीत जाऊ दे की." टाळ्या पडल्या. मोहनकाका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, थोडं पॉझिटिव्ह राहायचं." घरी येताना रवी ड्राइव्ह करत होता. तो म्हणाला, "यार नीला, यू साउंडेड अ लिटल जेलस."

होते मी जेलस. आणि बरोबरही होते. माणूस एकाच वेळी दोन्ही असू शकतो, हे काही कुणाला पटत नाही. मत्सर दिसला की लोक पुढचं ऐकतच नाहीत. तूही ऐकलं नाहीस. तुला तर चुन्यातलं कळतं.

तू गेल्यावर संध्याकाळी मी एकटी जाऊन भिंत पाहिली. सुंदर आहे. हे लिहिताना माझ्या पोटात दुखतंय, पण सुंदर आहे. वळसे एकातून एक निघालेत, कुठे थांबलीस ते दिसत नाही. मी इतकी वर्षं थापी चालवते, मला अजून ते जमलेलं नाही. माझी भिंत पाहिली की काम केल्याचं कळतं. तुझी पाहिली की वाटतं, ती अशीच होती.

जाताना तू सांगून गेलीस की भिंतीवर टांगलेलं गोणपाट रोज ओलं ठेव. ठेवते. मला नोकरीवर ठेवल्यासारखं सांगितलंस, तरी ठेवते.

नीला


श्रूजबरी, ९ नोव्हेंबर
(हे पोस्टात टाकणार नाही)

यामिनी,

भिंत गेली.

काल पारा एकदम खाली आला. सकाळी गोणपाट भिजवायला गेले तर ते पत्र्यासारखं ताठ झालं होतं. खालचा कोपरा उचलला आणि त्यासोबत गिलाव्याची सालच्या साल माझ्या हातात आली. आत सगळं ओलं होतं, अजून बोट रुतत होतं. त्या ओल्याचा बर्फ झाला, फुगला आणि भिंतीने अंग सोडलं. मी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मला आनंद झाला. चांगला पोटभर झाला. हातातला तुकडा धरून मी तिथे उभी होते आणि मनात मोहनकाकांना, रवीला, कमलामावशींना, सगळ्यांना एकेक करून भिंतीसमोर आणून उभं करत होते. बघा म्हणत होते. तुझ्या त्या व्हिडिओखाली काय लिहायचं तेसुद्धा जुळवून झालं होतं.

फोन हातात घेतला, मोहनकाकांचा नंबर काढला, आणि मग डोकं ताळ्यावर आलं. ते काय म्हणतील? "यामिनीताई तर नीट करून गेल्या होत्या. सांभाळायला कोण होतं?" मी होते. किल्ली माझ्याकडे, गोणपाट माझ्याकडे, आणि ही टिकणार नाही असं साऱ्यांसमोर बोलून दाखवणारीही मीच. एखादीने स्वतःचं म्हणणं खरं करायला भिंत मुद्दाम गारठवली, असंच वाटेल कुणालाही. मलाही दुसऱ्या कुणाबद्दल तसंच वाटलं असतं.

बघ तुझं नशीब. तुझी चूक झाली आणि अडकले मी.

दुसरंही एक आहे. त्या पिंपात कमलामावशींनी काठी फिरवली होती. त्यांना काय सांगू, की तुमच्या वडिलांची रीत या गावच्या थंडीत चालली नाही? त्यांचं तोंड बघवणार नाही मला. तुझं काय झालं असतं त्याची मला पर्वा नाही.

मी भिंतीपुढे पडदा टांगला आहे. मोहनकाकांचा फोन आला तेव्हा म्हटलं, "काका, गिलावा मुरतोय. पौर्णिमेपर्यंत पडदा काढायचा नाही. कुणी आत डोकवायचंही नाही."

"यामिनीताईंनी तसं सांगितलंय का?"

"हो."

"मग नो प्रॉब्लेम," म्हणाले. खोटं बोलायलाही तुझंच नाव चालतं, माझ्या नावावर तेही खपलं नसतं.

नीला


(पोस्टकार्ड)
१० नोव्हेंबर

यामिनी, जय भीम. भिंत ठीक आहे. काळजी नसावी.
नीला


श्रूजबरी, २२ फेब्रुवारी
(हेही टाकणार नाही)

यामिनी,

तुझं कार्ड आलं. 'माझ्या भिंतीला माझा नमस्कार सांग.' सांगितला. ती तेव्हा पोत्यांत भरलेली होती.

डिसेंबरात हीटिंग बसलं आणि मी तुझा गिलावा विटांपर्यंत खरवडून काढला. शनिवार-रविवार, आणि ऑफिसातून लवकर निघता आलं तर मधल्या एखाद्या दिवशीही. सगळ्यांना वाटतं मी उरलेल्या खिडक्यांचं काम करते. माझा चुना गेल्या वर्षीपासून मुरत पडलाय, लोण्यासारखा झालाय. चुना, वाळू, बकरीचे केस, बाकी काही नाही. पहिला थर जानेवारीत चढवला. हीटिंग अगदी मंद ठेवते आणि गोणपाट ओलं. घाई केली तर हाही फाटेल.

रवीला कळलं. जेवणाचा डबा घेऊन अचानक आला आणि पडद्यामागे मला परांचीवर पाहिलं. पोत्यांतला गिलावा पाहिला.

"हे यामिनीचं सगळं गेलं?"

"गेलं."

"तू सांगितलं होतंस यार."

"सांगितलं होतं."

"मग आता सांग ना सगळ्यांना. क्रेडिट घे."

मी त्याला म्हटलं, तेव्हा गाडीत जे बोललास तेच सगळे बोलतील, फक्त तुझ्यापेक्षा मोठ्याने. त्याचा चेहरा पडला. मग त्याने बाह्या वर केल्या आणि बादली उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासाठी पोहे केले. मीठ विसरला होता, पण मी सगळे खाल्ले.

आता जे लिहिते ते तुला कळलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. शेवटचा थर द्यायचा होता. हात सवयीने डावीकडे वळसे घेणार, आणि मग एखाद्या जाणत्याला कळणार. म्हणून मी थापी उजव्या हातात धरली. तुझ्यासारखे वळसे काढायला गेले. तुझा तो व्हिडिओ लावून फोन परांचीला टेकवला, आणि बघत बघत करत राहिले. शाळेत मारून मारून मला उजव्या हाताने लिहायला लावायचे, तेव्हाही मी एवढी रडले नव्हते. भिंत अशी दिसत होती की पहिल्यांदाच थापी धरलेल्या पोराने केली असावी. ज्या बाईवर मी एवढी जळते, तिची नक्कल करायलाही मला येईना.

सगळं ओलं असतानाच पुसून काढलं. मग डाव्या हाताने केलं, मला येतं तसं. म्हटलं, बघणार कोण आहे.

नीला


श्रूजबरी, ४ मे

यामिनी,

काल कार्यक्रम झाला. तू रेंज असलेल्या गावी जाऊन व्हिडिओ कॉलवर होतीस, त्यामुळे तुला अर्धाच दिसला. उरलेला मी सांगते. सोबत दोन जुनी पत्रं पाठवते आहे, तेव्हा टाकली नव्हती. ती आधी वाच, मग पुढचं.

वाचलीस? तर आता.

हॉल भरला होता. बोस्टनहून, न्यू जर्सीहून लोक आले होते. मी टांगलेला पडदा सरला आणि मूर्तीमागची भिंत दिसली. चुना मुरला की त्याला जो आतून उजेड येतो तो आला होता. कमलामावशींनी उठून भिंतीला हात लावला आणि डोळे मिटले. मला तेवढ्यात समाधान मानायला हवं होतं. पण मोहनकाका माइकवर म्हणाले, "हा यामिनीताईंच्या हातांचा चमत्कार," आणि माझं पित्त खवळलं. तुझा चेहरा त्या मोठ्या पडद्यावर, मागे न्यू मेक्सिकोचं ऊन, आणि तू हात जोडलेस. घेतलंस तू ते कौतुक, मागे त्या मासिकातलं घेतलंस तसंच. मी शेवटच्या रांगेत बसून मनात तुला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

मग तू स्वानंदीला म्हणालीस, "फोन भिंतीजवळ ने ग. अजून जवळ. खिडकीच्या बाजूने धर."

पश्चिमेचं ऊन तिरपं आत येत होतं. स्वानंदी भिंतीला खेटून फोन धरून चालत होती आणि तू पडद्यावर पुढे पुढे झुकत होतीस. मग थांबलीस. मला दिसत होतं तुला काय दिसलं ते. मी खुर्चीत अंग चोरून बसले. रवीने माझा हात धरला.

तू म्हणालीस, "ही भिंत माझी नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. भन्तेजींनी माइक मागून घेतला आणि म्हणाले, "बघा, एवढं काम करूनही 'माझं' म्हणत नाहीत. 'मी' आणि 'माझं' सुटणं, हाच तर धम्म." त्यावर त्यांचं चांगलं लांबलचक प्रवचन झालं. तू मध्ये मध्ये "नाही, ऐका" म्हणत होतीस, पण तुझा आवाज कुणीतरी बारीक केला होता. प्रवचन संपल्यावर तू पुन्हा म्हणालीस, जवळजवळ ओरडूनच, "खरंच सांगते, ही भिंत नीलाची आहे. सगळी. माझं त्यात काही नाही."

मोहनकाकांनी डोळे पुसले. म्हणाले, "केवढं मोठं मन. नीलाने रोज पाणी घातलं, तर सगळं श्रेय तिला देऊन टाकलं." मग मला पुढे बोलावलं आणि भिंतीला पाणी घातल्याबद्दल माझ्या हातात फुलांचा गुच्छ दिला. तुझ्या मोठेपणाचे दाखले कार्यक्रम संपेपर्यंत चालू होते. चहाच्या वेळीसुद्धा लोक तेच बोलत होते.

खरं बोललीस तरी वाहवा तुझीच झाली. हे मला जन्मात सहन होणार नाही, सांगून ठेवते. मी का बोलले नाही म्हणून विचारशील. गुच्छ हातात घेऊन उभी होते तेव्हा बोलणारही होते. पण कमलामावशी पहिल्या रांगेत होत्या, आणि त्यांचा तळवा अजून चुन्याने पांढरा होता. त्यांना वाटतंय त्या भिंतीत त्यांच्या वडिलांचा गूळ आहे. ते मी काढून घेणार नाही, आणि तूही घेऊ नकोस.

मासिकातल्या फोटोचा राग अजून आहे. तो काल गेला असं समजू नकोस. रवी पोहे तुझ्यासाठीच चांगले करतो, तेही मला दिसतं. आणि तुझे ते न थांबणारे वळसे अजून माझ्या डोळ्यांत खुपतात, तुझी भिंत आता कुठेच नाही तरीसुद्धा. पण पडद्यावर तू पुढे झुकलीस आणि डोळे बारीक केलेस, तेव्हा त्या भरल्या हॉलमध्ये काय झालं ते एका तुला कळलं आणि एका मला. मी हिशेब करून पाहिला. माझं काम कुणी ओळखावं असं मला ज्यांच्याबद्दल वाटतं, त्यांत तुझ्याशिवाय दुसरं कुणीच नाही. हे कळल्यावर तर आणखीच चीड आली.

जूनमध्ये येईन म्हणालीस. ये. दक्षिणेच्या भिंतीचा वरचा भाग अजून राहिलाय, एकटीच्या हाताला येत नाही. डावीकडून मी चढते, उजवीकडून तू ये. मध्ये जिथे गाठ पडेल तिथलं तेव्हा बघू.

येताना गूळ आणू नकोस.

सप्रेम,
नीला